अर्धा थाऊ

सदतिसाव्या शॉटला सात बसला. आधीचे चार दहा, दहा, नऊ, दहा असे गेलेले. हात जागेवर होता, ट्रिगरही मनासारखा सुटला होता, आणि पडद्यावर ठिपका उमटला तो खाली डावीकडे, काळ्या गोलाच्या अगदी कडेला. मी पिस्तूल टेबलावर ठेवलं आणि पेलेटच्या, म्हणजे शिशाच्या छोट्या गोळ्यांच्या, डबीकडे असं पाहिलं की जणू तिनेच माझं मनगट पिरगाळलं होतं.

१० मीटर एअर पिस्तूल खेळणाऱ्याची ही ठरलेली वाट आहे. पहिली दोन वर्षं तो स्वतःच्या हाताला शिव्या देतो, मग साइटला, मग बुटांना, आणि सगळे संशयित संपले की पेलेटला. त्या दिवशी माझे ६०० पैकी ५५१ झाले. साठ शॉटमध्ये तीन सात आणि सहा आठ, म्हणजे एकवीस गुण तिथेच गेले. परतीच्या बसमध्ये मी मनातल्या मनात पेलेटवर खटला चालवला आणि दादर येईपर्यंत शिक्षाही सुनावली.

मी काही मोठा नेमबाज नाही. वय सेहेचाळीस, नोकरी बँकेत, राहायला भांडुप. मुलीला सरावाला घेऊन वरळीच्या रेंजवर जायचो. तिचं सुटलं, मला लागलं. महाराष्ट्र रायफल असोसिएशनची ही रेंज. अंजली भागवत इथे सराव करत आणि पुढे २००० साली सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोहोचल्या, हे इथे नव्या आलेल्या प्रत्येकाला पहिल्या आठवड्यातच कुणीतरी सांगतं. मलाही सांगितलं. त्याचा माझ्या नेमावर काही परिणाम झाला नाही.

पेलेटचा किडा डोक्यात सोडला तो माझ्या मावसभावाने. दादा पंचवीस वर्षं अ‍ॅरिझोनात आहे. त्याच्याकडे .४४ मॅग्नमचं रिव्हॉल्व्हर आहे आणि त्याच्या गोळ्या तो स्वतः ओततो. हे आपल्याकडच्या माणसाला पटकन पचत नाही. आपल्याकडे १९५९च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय काडतूस बनवता येत नाही, आणि दादा रविवारी सकाळी गॅरेजमध्ये हाफ पँटवर शिसं वितळवत बसलेला असतो. गाड्यांच्या चाकांना बॅलन्सिंगसाठी लावतात ती शिशाची जुनी वजनं तो गोळा करतो, वितळवून वरचा मळ काढतो, साच्यात ओततो. साचा थंड असेल तर गोळीला सुरकुत्या पडतात, फार तापला तर ती पांढुरकी, दहिवरल्यासारखी निघते. एक गोळी २५० ग्रेनची, म्हणजे सोळा ग्रॅमच्या वर. माझं पेलेट ०.५३ ग्रॅमचं. त्याच्या एका गोळीत माझी तीस पेलेट मावतील. त्याच्या नळीतून हजार जूलच्या वर ताकद बाहेर पडते, माझ्या नळीतून जेमतेम सहा. तरी व्हिडिओ कॉलवर आम्ही दोघं समान दुःखी असल्यासारखे बोलतो.

"एकेक वजन करून बघ," दादा म्हणाला. "मी गोळ्या तोलतो. आत हवेचा फुगा राहिला असेल तर ती हलकी लागते. ती परत भांड्यात."

एवढं ऐकून मी फोन ठेवला. हीच चूक झाली, कारण त्याचं पुढचं वाक्य जास्त कामाचं होतं आणि ते मला तीन आठवड्यांनी ऐकायला मिळालं.

अर्धा ग्रॅम तोलायचा तर मिलिग्रॅम दाखवणारा काटा हवा. शाळेतला एक मित्र झवेरी बाजारात सोनारकाम करतो. शनिवारी दुपारी त्याच्या पेढीवर गेलो आणि पाचशे पेलेटची डबी काचेवर ठेवली. त्याने झाकण उघडून पाहिलं आणि डबी दोन बोटांनी अशी मागे सरकवली की जणू मी उंदीर आणला होता.

"शिसं? माझ्या काट्यावर? वेडा आहेस का तू? कणभर शिसं सोन्यात गेलं ना, तर सोनं ठिसूळ होतं. पट्टी ओढायला घेतली की तडकते. कारागीर माझ्या नावाने शंख करतील."

चार वर्षं शिसं हाताळतोय, हात साबणाने धुतल्याशिवाय वडापावाला शिवत नाही, पण शिशाचा हा गुण मला माहीत नव्हता. शेवटी त्याने माळ्यावरून एक जुना, कोपरा फुटलेला इलेक्ट्रॉनिक काटा काढून दिला, वर "परत आणू नकोस" असंही बजावलं. त्यासोबत भिंग दिलं, सोनार डोळ्याला लावतात तसलं. ते मात्र परत हवं होतं.

तीन रविवार मी पेलेट तोलली. बायकोने स्वयंपाकघराचं टेबल द्यायला साफ नकार दिला, तेव्हा गॅलरीत, पंखा बंद करून. वाऱ्याने काटा नाचतो, म्हणून भांडुपच्या मे महिन्यात पंखा बंद. चिमट्याने एक पेलेट ठेवायचं, आकडा स्थिर होईपर्यंत श्वास रोखायचा, वहीत लिहायचं, पाकिटात टाकायचं. बहुतेक पेलेट ५२७ ते ५३३ मिलिग्रॅममध्ये निघाली. सगळ्यात हलकं ५२४, सगळ्यात जड ५३७. प्रत्येक वजनाचं वेगळं पाकीट केलं, वर मार्करने आकडा. पाकिटं होती सोसायटीच्या गणपतीच्या वर्गणीची, गेल्या वर्षी उरलेली, त्यामुळे आकड्याखाली लंबोदर बसलेला.

मुलगी बारावी सायन्सला. ती चहा घेऊन आली, पाकिटांची रांग पाहिली आणि विचारलं, "बाबा, पेलेटचा स्पीड किती असतो?"

"सेकंदाला दीडशे मीटरच्या आसपास."

तिने माझ्याच वहीच्या कोपऱ्यात गणित मांडलं. दहा मीटर जायला सेकंदाचा पंधरावा भाग. तेवढ्या वेळात पेलेट गुरुत्वाने साधारण बावीस मिलिमीटर खाली येतं. साइट त्या हिशेबानेच लावलेली असते. आता हवेने ढकलण्याची ताकद तीच आणि पेलेट अडीच टक्क्यांनी जड, तर वेग सव्वा टक्क्याने कमी, आणि खाली येणं त्याच्या दुप्पट, म्हणजे अडीच टक्क्यांनी जास्त. बावीस मिलिमीटरचे अडीच टक्के.

"अर्धा मिलिमीटर," ती म्हणाली. "तेही तुमचं सगळ्यात जड आणि सगळ्यात हलकं घेतलं तर. दहाचं वर्तुळ केवढं असतं?"

साडेअकरा मिलिमीटर. माझे तीन रविवार तिने पाच मिनिटांत निकालात काढले आणि चहाचा कप उचलून निघून गेली. वर पंखा लावून गेली. ५३१ची पाकिटं गॅलरीभर उडाली.

दादाला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ हसला. मग म्हणाला, "अरे, तोलणं हे खराब माल बाजूला काढायला. नेम लागतो तो मापाने." आणि त्याने स्वतःची गोष्ट सांगितली. सुरुवातीला त्याला वाटायचं की गोळी जितकी कडक तितकी चांगली. म्हणून जुन्या छापखान्यातला लायनोटाइपचा धातू मिळवला. शिशात अँटिमनी आणि कथील घातलेला तो मिश्रधातू साध्या शिशाच्या चौपट कडक असतो. गोळ्या आरशासारख्या निघाल्या. बारा शॉट झाले आणि नळीत शिशाची पुटं चढली, जवळजवळ लागणाऱ्या गोळ्यांचा ग्रुप फुटला. दोन दिवस पितळी ब्रशने नळी घासत बसला. कारण शेवटी निघालं ते असं की गोळी सिलिंडरच्या, म्हणजे काडतुसं बसतात त्या फिरत्या नळकांड्याच्या, तोंडापेक्षा किंचित बारीक होती. फटीतून गरम वायू पुढे निसटत होते आणि जाता जाता गोळीची कड वितळवून नळीला चोपडत होते. मग चाकांच्या वजनांचं मऊ शिसं घेतलं, पण माप भरून, इंचाच्या हजाराव्या भागाने मोठी गोळी. नळी स्वच्छ.

"आधी नळीचं तोंड मोज, मग गोळी," तो म्हणाला. "कडक-मऊ, जड-हलकं, हे सगळं नंतर." मग तो जड गोळ्यांच्या धक्क्यावर घसरला. एक गोळी उडाली की झटक्याने सिलिंडरमधल्या बाकीच्या काडतुसांतल्या गोळ्या पुढे सरकू पाहतात, म्हणून काडतुसाची कड गोळीवर घट्ट वळवावी लागते, नाहीतर सिलिंडरच अडतो. शिवाय जड गोळी जवळच्या टार्गेटवर खाली न लागता वर लागते. हळू जाते म्हणून नळीत जास्त वेळ रेंगाळते, आणि तोवर धक्क्याने नळीचं तोंड उचललेलं असतं. मला याचा काही उपयोग नव्हता, पण ऐकत राहिलो. माणूस मनापासून शिशाबद्दल बोलत असेल तर त्याला तोडू नये.

माझ्या डबीवर माप छापलेलं होतं: ४.४९. पेलेटच्या डोक्याचा व्यास. त्याच कंपनीचं ४.५०ही मिळतं. मी चार वर्षं दुकानात जे असेल ते घेत होतो.

खालच्या मजल्यावरचे काका भांडुपच्याच एका कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झालेत. त्यांना म्हटलं, मला एक पट्टी करून द्या, तीन भोकं, ४.४९, ४.५० आणि ४.५१. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"म्हणजे फरक किती? पॉइंट झीरो वन? अरे, हा अर्धा थाऊसुद्धा नाही." थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, त्यांच्या पिढीचे टूलमेकर अजून त्यातच विचार करतात. "घरात ड्रिल मशीनवर असलं भोक होत नाही. रीमर हवा, लॅपिंग हवं. आणि भोक केलंच, तरी तुझं शिसं मऊ. तू दाबशील, ते जाईल. मग काय मोजलंस?"

मग त्यांनी एक पेलेट बोटांत फिरवलं. पेलेटचा आकार डमरूसारखा: पुढे चपटं डोकं, मध्ये कंबर, मागे पोकळ झालर. आम्ही तिला स्कर्ट म्हणतो. मागून हवेचा दाब आला की हा पातळ स्कर्ट फुलून नळीला चिकटतो आणि हवा पुढे जाऊ देत नाही. डोकं थोडं बारीक, स्कर्ट थोडा मोठा.

"भोवरा आडवा टाकला तर सरळ गडगडतो का?" काकांनी विचारलं. "गोल फिरतो. हेही तसंच फिरणार. काच आण."

आम्ही त्यांच्या जुन्या ड्रेसिंग टेबलाचा आरसा काढला, जमिनीवर ठेवला, एका बाजूखाली कालनिर्णयची घडी सारली. काकांनी पाणसळ लावून काच आडव्या बाजूने समपातळीत आणली, त्यातच अर्धा तास गेला. मग वरच्या कडेला एकेक पेलेट आडवं ठेवून सोडायला लागलो. पेलेट सरळ येत नाही, डौलदार वळण घेऊन येतं, आणि एकसारखी पेलेट एकसारखं वळण घेतात. दहा-बारा आली, सगळी खालच्या पट्टीवर त्याच चार बोटांच्या जागेत येऊन टेकली. काका खूश. तेरावं निघालं, निम्म्या वाटेत टक् करून उडी मारली, दिशा बदलली आणि भलतीकडे जाऊन पडलं.

"लंगडतंय," काका म्हणाले.

भिंगाखाली धरलं. स्कर्टची कड एका जागी आत दबलेली, नखाने दाबल्यासारखी. पुढची पाच बरी गेली, मग पुन्हा एक लंगडं. दोनशे पेलेट सोडली, त्यातली एकतीस लंगडी निघाली. वजनाला त्यातली बहुतेक अगदी चोख, ५३० मिलिग्रॅम, गणपतीच्या पाकिटात सन्मानाने बसलेली.

"खोक्यातूनच असं आलं का?" काकांनी विचारलं.

मला उत्तर माहीत होतं आणि द्यायचं नव्हतं. पहिल्या वर्षी मी पेलेट रेंजवरच्या कपाटात ठेवायचो, पिस्तुलाबरोबर. वरळीची समुद्राची हवा. पावसाळ्यात डबी उघडली तर पेलेटवर पांढरी भुकटी धरलेली. शिसं दमटपणात असं मलूल होतं. तेव्हापासून पिस्तूल कपाटात आणि पेलेट माझ्या ऑफिसच्या बॅगेत, रोज घरी. म्हणजे रोज भांडुप ते दादर, दादर ते भांडुप. सकाळची आठ पंचवीसची स्लो, बॅग छातीशी, पुढचा माणूस बॅगेवर रेललेला, आणि आत अर्धी रिकामी पत्र्याची डबी खुळखुळतेय. वर्षानुवर्षं मी पेलेटना मध्य रेल्वेने प्रवास घडवत होतो. महागडी मॅच पेलेट स्पंजच्या खाचांत एकेक वेगळं बसवून का विकतात, हे मला दुकानदाराने सांगितलं होतं. मी ते पैसे काढायचे धंदे समजलो.

शेवटची परीक्षा रेंजवर. एका रविवारी दुपारी, सगळे गेल्यावर, कोचच्या परवानगीने पिस्तूल वाइसमध्ये बांधलं. काकांनी सागाचे दोन ठोकळे करून दिले होते, आतून चामडं लावलेले. आधी पिस्तूल रिकामं करून, हवेचा सिलिंडर काढून, ४.४९चं एक पेलेट साफ करायच्या दांड्याने हलकेच नळीतून ढकललं आणि भिंगाखाली पाहिलं. नळीतल्या पिळदार आट्यांचे वळ डोक्यावर एका बाजूला स्पष्ट, दुसऱ्या बाजूला जवळजवळ नाहीत. मग मुद्दाम आणलेलं ४.५०चं ढकललं. तिथे वळ चहूबाजूंनी सारखे. काकांचा अर्धा थाऊ तो हाच. भिंगाला दिसला.

मग कागदी टार्गेटवर दहा-दहा शॉट. व्हर्नियरने भोकांच्या बाहेरच्या कडा मोजल्या. ४.५०ची नवी पेलेट: सात मिलिमीटर. ४.४९ची, काचेवर नीट गडगडलेली: आठ. ४.४९ची लंगडी: चौदा. दुसऱ्यांदा केलं. सात, साडेआठ, साडेतेरा.

डोक्याच्या मापाने एक-दीड मिलिमीटर दिला, स्कर्टच्या पोच्याने पाच-सहा खाल्ले. वजनासाठी मी पाकिटं आणलीच नव्हती. शरम वाटत होती.

मी खुशीत कोचला आकडे दाखवले. त्यांनी कागद उजेडात धरला, चौदावाल्या ग्रुपवर बोट ठेवलं. "हे तुझं सगळ्यात वाईट पेलेट. मध्यापासून किती लांब गेलं? पाच-सहा मिलिमीटर. म्हणजे कडेला लागलेल्या दहाचा नऊ होईल. सातचं वर्तुळ मध्यापासून किती लांब सुरू होतं?"

दर वर्तुळ आठ मिलिमीटरचं. दहाच्या कडेपासून नऊ, आठ, मग सात. पेलेटची कड वर्तुळाला शिवली तरी वरचा गुण मिळतो, हे धरलं तरी सात बसायला मध्यापासून चोवीस मिलिमीटरच्या पलीकडे जावं लागतं.

"मग ते तीन सात?" मी विचारलं, उत्तर समोर असताना.

"ते हाताने मारलेस. पेलेटने तुझे मॅचमागे पाच-सहा गुण नेले असतील. तेवढे परत घे. बाकीचे ड्राय फायरिंगमध्ये आहेत, पेलेट न घालता नुसता ट्रिगर, रोज अर्धा तास, भिंतीसमोर."

पुढच्या महिन्यातल्या मॅचला ५५७ झाले. सात दोन होते. दोन्ही सुटताना कळले, डबीकडे पाहायची गरज पडली नाही. दादाला आकडा कळवला तर त्याने त्याच्या टार्गेटचा फोटो पाठवला, पंचवीस यार्डांवर पाच भोकं, त्यातलं एक पार बाहेर. खाली लिहिलं होतं: "गोळी चांगली होती."

आता पेलेट प्रवास करतात ती माझ्या जुन्या चपट्या जेवणाच्या डब्यात. तळाशी स्पंज, त्याला खाचा, काकांनी तापल्या सळईने पाडलेल्या, प्रत्येक खाचेत एक पेलेट, वर दुसरा स्पंज. त्या दिवसाला लागतील तेवढीच, ऐंशी. गेल्या आठवड्यात दादर स्टेशनच्या पुलावर तपासणी चालली होती. जवानाने बॅग उघडायला लावली, दोन डबे पाहिले. पहिल्यात मेथीची भाजी. दुसरा उघडला आणि त्याचे डोळे बारीक झाले.

"हे काय आहे?"

"शिसं," मी म्हणालो.

त्याने एक पेलेट नखावर घेऊन पाहिलं, वजनाचा अंदाज घेतला आणि एकदम हसला. "गळाला लावता? मासे पकडायला?" बोलता बोलता त्याने पेलेट उलटं, स्कर्ट वर करून, शेजारच्या खाचेत दाबून बसवलं. "कुठे जाता पकडायला?"

"वरळीला," मी म्हणालो, आणि ते एक पेलेट वेगळं काढून खिशात टाकलं.